बाराही बाटल्यांत सोळा

१

ज्या रक्तात अर्काचा टिपूसही असायला नको होता, त्या रक्तात तो निघाला.

डॉक्टरांनी तपासणीचा कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. समोर बसलेल्या बाईंनी कागद उलटा धरला, सुलटा केला आणि होता तिथे ठेवून दिला.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू नीट सांग बघू. फळ्यासमोर उभं केल्यावर ततपप करायचास, तसं नको."

डॉक्टरांनी पन्नाशी ओलांडली होती, त्यांना पाहून अख्खा दवाखाना उभा राहायचा. पण बाईंनी त्यांना सातवीत गणित शिकवलं होतं आणि त्याला काही इलाज नव्हता. आता बाई निवृत्त होत्या आणि दवाखान्याच्या नीती समितीवर होत्या. माणसांवर औषधाचे प्रयोग करायचे तर अशी समिती लागते, आणि वैद्यकातलं काहीही न कळणारं एक तरी माणूस तीत असावं असा नियम आहे. "त्या पात्रतेत मला कोणी हरवून दाखवावं," असं बाई ऐटीत सांगत.

"अपस्माराच्या गोळ्या फिट थांबवतात," डॉक्टर म्हणाले. "पण डोकं जड करतात. शब्द जिभेवर येऊन अडतात, काल काय केलं ते आज आठवत नाही. पाणथळीतल्या एका वनस्पतीचा अर्क घेतला तर हे धुकं कमी होतं का, एवढंच आपण तपासतोय. बारा पेशंट. सहा जणांना खरा अर्क, सहा जणांना तसंच दिसणारं खोटं औषध. कोणाला काय, ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही."

"हे तू मागेही सांगितलं होतंस. पुढे बोल."

"परवा यातल्या एका मुलीला जिन्यात फिट आली. एकोणीस वर्षांची आहे. चार वर्षांत एकही फिट नव्हती. कपाळाला नऊ टाके पडलेत. मी तिच्या नावाचा बंद लखोटा फोडला. तिची बाटली खोटी होती. आणि रक्तात हा अर्क!"

"म्हणजे बाटली बदलली."

"थेंबेरावांनी बदलली," डॉक्टर म्हणाले. औषधं देणाऱ्या माणसाला सगळा दवाखाना थेंबेराव म्हणायचा, कारण तो थेंब मोजल्याशिवाय पाणीही पीत नसे. "दहा वाजता लोक नव्या बाटल्या घ्यायला येतील. त्याआधी थेंबेरावांच्या हातात घरी बसण्याचं पत्र द्यायचंय. तुम्ही इथे सही करा."

"आणि लोकांना नव्या बाटल्या देणार?"

"का नाही? अर्काचा दोष नाही, बाई. बाराही जणांच्या रक्तात फिटच्या गोळीचं प्रमाण घटलंय. ज्याच्याकडे यादी आहे त्या आकडेवाल्याला विचारलं. खऱ्या गटात जेवढं घटलं तेवढंच खोट्या गटात. म्हणजे लोक गोळ्या बुडवतायत. मुलीनेही बुडवली असणार."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं. आता त्यांनी ते परत लावलं. भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ झाले होते.

"दीड तास आहे. मला जरा विचारपूस करू दे," त्या म्हणाल्या. "तुझं उत्तर बरोबर असेलही. पण मध्ये एक पायरी खाल्लीयस."

२

थेंबेराव औषधाच्या खोलीत स्टुलावर ताठ बसले होते. खोली इतकी नीटनेटकी होती की बाईंना पिशवी कुठे ठेवावी हेच कळेना. पत्राची कुणकुण थेंबेरावांना लागली होती. ओठ पांढरे पडले होते.

"एकवीस वर्षं झाली मला इथे," ते म्हणाले. "कोणाला सात नंबरची बाटली द्यायची, तर मी तीनदा नंबर वाचतो. दोनदा मनात, एकदा मोठ्यांदा. लोक हसतात."

"हसू द्या. वही दाखवा."

दर पंधरा दिवसांनी पेशंटने जुनी बाटली परत आणायची, थेंबेरावांनी तिच्यात उरलेलं औषध मोजून लिहायचं आणि नवी बाटली द्यायची, अशी पद्धत होती. बाटलीत तीनशे मिलिलिटर. रोजचे वीस, चौदा दिवस. म्हणजे नियमाने घेणाऱ्याकडे वीस उरायला हवेत.

बाईंनी पहिल्या फेरीचं पान काढलं. वीस. पंचेचाळीस. शून्य. बासष्ट. एकाची "सांडली". एकाची "मांजराने पाडली", आणि त्यावर थेंबेरावांचं उद्गारचिन्ह. बाईंना हे पान मनापासून आवडलं. माणसं अशीच औषध घेतात.

मग त्यांनी दुसऱ्या फेरीचं पान उलटलं. सोळा. सोळा. सोळा. खालपर्यंत सोळा. तिसऱ्या फेरीतही बारा ओळी आणि बारा सोळा.

"पाहिलंत?" थेंबेरावांचा आवाज जरा उजळला. "पहिल्या वेळी मी सगळ्यांना चांगलं खडसावलं. पुन्हा डोस चुकला तर नाव कमी करीन म्हटलं. तेव्हापासून कशी सुतासारखी सरळ आली मंडळी!"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. छत्तीस वर्षं त्यांनी वह्या तपासल्या होत्या, आणि अख्ख्या वर्गाचं उत्तर बरोबर आलं तर त्यांना आनंद व्हायचा. पण अख्ख्या वर्गाचं उत्तर सारखंच चुकलं, वीसच्या जागी सगळ्यांनी सोळा लिहिलं, की त्या खडू खाली ठेवायच्या.

"थेंबेराव, राग मानू नका. हे आकडे तुम्ही घरी बसून भरलेत का?"

थेंबेरावांचा चेहरा असा झाला की बाईंना आपलीच लाज वाटली. ते एक शब्द न बोलता उठले. नियमाप्रमाणे परत आलेल्या बाटल्या ते कुलपात ठेवत. तिसऱ्या फेरीच्या बाराही बाटल्या त्यांनी टेबलावर मांडल्या, मोजपात्र बाईंच्या हातात दिलं आणि पाठ करून उभे राहिले.

बाईंनी पहिली बाटली मोजली. सोळा. पाचवी मोजली. सोळा. बारावी मोजली. सोळाच.

माणूस खरं लिहीत होता. मग खोटं कुठून आलं होतं?

३

"गोळ्या बुडवतात? कोण म्हणालं?" सिस्टर फणकारल्या. रक्त घेण्याचं आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं मोजण्याचं काम त्यांच्याकडे होतं. "एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही. त्या मुलीची आई तर मला मोजायलाच देत नाही, स्वतः मोजून दाखवते. फिटच्या गोळीशी खेळ करायला ही माणसं काय वेडी आहेत? एकदा घरात फिट बघितलेला माणूस गोळी चुकवत नाही, बाई."

"मग रक्तातली गोळी गेली कुठे?"

"ते रक्त तपासणाऱ्यांना विचारा," सिस्टर म्हणाल्या.

"बरं, येतात कसे हे लोक?"

"आधी दिलेल्या वेळेला यायचे. कोणी दहाला, कोणी वीस मिनिटांनी. आता सगळे एकाच बसने येतात, पावणेदहाला. मुलीची आई बसवर कंडक्टर आहे ना, तिच्याच बसने. आणि जातातही सगळे मिळून. ज्याचं काम आधी झालं तोसुद्धा बारावा होईपर्यंत बाकावर बसून राहतो. मी म्हटलं, काय मेळ जमलाय!"

बाई तशाच मागे फिरल्या. उत्तर अजून दिसत नव्हतं, पण ते कुठल्या बाजूने येणार ते कळायला लागलं होतं.

"थेंबेराव, खरं आणि खोटं यांत फरक काय? डोळ्यांना दिसणारा."

"रंग एक, वास एक, चवही जवळपास तीच." थेंबेराव अजून घुश्शात होते. "खऱ्यात बारीक गाळ बसतो. म्हणून तर बाटली गडद रंगाची ठेवलीय, आणि सगळ्यांच्याच बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलंय. बाहेरून काही दिसत नाही."

"पांढऱ्या बश्या आहेत?"

एव्हाना डॉक्टरही दारात येऊन उभे राहिले होते. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते काही बोलणार, तोच बाईंनी हात वर केला आणि ते गप्प बसले. जुनी सवय.

थेंबेरावांनी बाटल्या हलवून त्यांतलं औषध एकेका बशीत ओतलं. पहिल्या बशीत तळाला हिरवट काळी रेघ उमटली. दुसरीतही. मुलीची सातव्या नंबरची बाटली ओतली, तिच्यातही. डॉक्टर म्हणाले, "हे बघा, तिला खरी गेली होती. मी सांगत होतो."

"गप रे. पुढची ओत, थेंबेराव." घाईत बाई त्यांनाही अरेतुरे करून गेल्या.

थेंबेराव एकेक बशी भरत गेले.

बाराही बश्यांत गाळ होता.

४

"हे शक्यच नाही," डॉक्टर म्हणाले. "कारखान्यातून खऱ्या बाटल्या सहाच जणांच्या आल्यात. दर फेरीला सहा."

"मग सांग. खऱ्या सहा, आणि गाळ बारांत. कसा?"

डॉक्टर खरोखरच सातवीतल्यासारखे वर बघायला लागले.

"थेंबेरावांनी दोघांची अदलाबदल केली असती," बाई म्हणाल्या, "तर एकाला गाळ मिळाला असता आणि दुसऱ्याचा गेला असता. गाळाच्या बाटल्या सहाच राहिल्या असत्या. वाटेल तेवढी अदलाबदल कर, सहाच्या बारा होत नाहीत. होतात त्या एकाच रीतीने. सगळ्या एका भांड्यात ओतायच्या, ढवळायच्या आणि परत सारख्या भरायच्या."

थेंबेरावांनी वहीतल्या सोळांवरून बोट फिरवलं.

"नवी बाटली मिळाली की ओततात. आणि परत देताना उरलेलंसुद्धा ओततात, म्हणून सगळ्यांकडे सोळा. कोणाचा डोस चुकला असेल तर त्याचं नाव कमी होऊ नये म्हणून. तुम्ही खडसावलं होतं ना? भांड्याला, गाळणीला लागून चार-चार मिली जातात. वर्गात मुलं अशीच करतात. एकाला मार बसू नये म्हणून सगळे सारखं चुकतात."

"पण का?" डॉक्टरांचा आवाज चढला. "माझी सात वर्षं, बाई! अशाने काय सिद्ध होणार?"

"तुझी सात वर्षं नंतर. आधी मला सांग, दोन्ही गटांत गोळी सारखीच घटली, म्हणून अर्क निर्दोष, असं म्हणालास ना तू? पण दोन गट आहेतच कुठे?"

डॉक्टरांनी बारा बश्यांकडे पाहिलं.

"सहा आठवडे बाराही माणसं तुझा अर्क पितायत. बाराही जणांची गोळी घटली. आणि गोळी कोणी बुडवलेली नाही, सिस्टर पाकिटं मोजतात. मग राहिलं काय?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अर्कच गोळीला शरीरातून हुसकावतोय," ते हळू बोलले. "असू शकतं. काही वनस्पतींच्या बाबतीत तशी भीती असते. आणि मग… मग लोकांना बरं वाटत होतं, शब्द आठवत होते, ते…"

"ते अर्काने नसेल. गोळीच कमी पडत असेल."

खाली बस थांबल्याचा आवाज आला. अकरा पेशंट जिना चढत होते. त्यांतला कोणीही कुठल्याही पायरीवर कोसळू शकत होता.

५

बाकावर नेहमीची मंडळी बसली होती. आज कंडक्टरीणबाई त्यांच्यात नव्हती. ती दोन दिवस वॉर्डात मुलीच्या उशाशी होती. बाकाच्या टोकाला सुतार आणि त्याची बायको होती. बायकोच्या मांडीवर पिशवी, पिशवीत बाटली.

बाई सरळ तिथे गेल्या. "तुमच्या बाटलीत किती उरलंय ते न बघता सांगू?"

सुताराने मान वर केली.

"सोळा. यांच्याकडेही सोळा. त्या पलीकडच्यांकडेही. सांगा, चुकतेय का मी?"

कोणी चपलेकडे बघायला लागलं, कोणी छताकडे. बाईंनी हे चेहरे जन्मभर पाहिले होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांना रडू यायला लागलं होतं आणि ते येऊ द्यायचं नव्हतं.

"मी ओरडायला आलेले नाही. एका माणसाची नोकरी जातेय, हे एक. आणि तुमच्या जिवाला धोका आहे, हे दुसरं. खरं सांगा."

सुतार उठला. "हिची बाटली खरी होती," तो म्हणाला. "वाटीत ओतल्यावर तळाला भुसा कसा बसतो ते मला कोणी शिकवायला नको. पहिल्याच आठवड्यात ओळखलं. आणि हिला…" त्याने बायकोकडे पाहिलं, "हिला एक दिवस 'रंधा' आठवला. चार वर्षं ती त्याला 'ते' म्हणायची. मी हातातलं काम टाकून नाचलो, बाई."

"मग वाटून का टाकलीत?"

"तुम्ही या बाकावर बसून बघा. शेजारच्या माणसाला स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही. आणि आम्ही काय बाटली पोटाशी धरून बसू?"

"त्यांना नका विचारू."

कंडक्टरीणबाई वॉर्डाच्या दारात उभी होती. दोन दिवसांची जागलेली, केस विस्कटलेले, अंगावर अजून नोकरीचाच शर्ट.

"कल्पना माझी. डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत, मोठ्या पातेल्यात. मीच ओतायचे, मीच मापाने भरायचे. आज मी नव्हते, म्हणून यांनी भरलं. सहा जणांना खरं आणि सहा जणांना रंगीत पाणी, हे मला बघवेना. अर्धं तर अर्धं, पण सगळ्यांना मिळू दे, म्हटलं. कोणाला फसवायचं नव्हतं, बाई. थेंबेरावांचं नाव येईल हे तर मनातही आलं नाही."

डॉक्टर पुढे झाले. अर्क, गोळी, घटलेलं प्रमाण, सगळं त्यांनी भराभर सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच तिचे डोळे एका जागी थांबले.

"म्हणजे परवाची फिट त्या अर्काने आली?"

"बहुतेक."

ती बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही खोटं बोलणार नाही. माझ्या मुलीची बाटली कुठली होती?"

६

डॉक्टरांनी बाईंकडे बघून बारीकशी मान हलवली. नका सांगू. बाईंनाही सांगायचं नव्हतं. देवा, इतक्या वर्षांत कोणाला नापास करताना त्यांचा जीव असा कासावीस झाला नव्हता. आणि आपण तरी काय दिवे लावले? हा प्रयोग मंजूर झाला त्या बैठकीत "अर्काने गोळीचं काय होईल, ते मध्येच कोण बघणार?" हा साधा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. हात मात्र सगळ्यांनी वर केले होते, आणि त्यांत बाईंचाही हात होता.

"खोटी," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीची बाटली खोटी होती."

कंडक्टरीणबाई भिंतीला टेकली. तिने औषध वाटलं नसतं, तर मुलीच्या पोटात नुसतं रंगीत पाणी गेलं असतं आणि ती परवा जिना चढून घरी आली असती. हे तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. सुताराची बायको उठून तिच्याजवळ गेली, तिचा हात धरला, आणि काहीतरी बोलायला शब्द शोधत राहिली. तो तिला सापडला नाही.

मग कंडक्टरीणबाईने डोळे पुसले आणि बाकापुढे उभी राहिली. "बाटल्या काढा," ती म्हणाली. "कोणी एक घोट घ्यायचा नाही. काढा सगळे." ती एकेकासमोर हात पुढे करत गेली आणि अकराव्या बाटलीनंतरच थांबली. थेंबेरावांनी त्या तिच्या हातून घेतल्या. तिने त्यांची माफी मागितली. "असू द्या हो, असू द्या," ते म्हणाले, आणि त्यांना चष्मा पुसावा लागला. डॉक्टरांनी थेंबेरावांचं पत्र चार तुकडे करून खिशात घातलं आणि सिस्टरना सगळ्यांचं रक्त घ्यायला, कोणालाही एकटं घरी न सोडायला सांगितलं.

वॉर्डात मुलगी उशीला टेकून बसली होती. कपाळावर पट्टी होती. दार उघडं असल्यामुळे तिने सगळं ऐकलं होतं.

आई पलंगाशी गेली आणि तिचे पाय धरायला वाकली. "अगं, वेडी आहेस का?" मुलीने तिला ओढून शेजारी बसवलं. मग डॉक्टरांकडे बघून विचारलं, "अर्क बंद. पुढे काय?"

"रक्तातली गोळी हळूहळू पूर्वीसारखी होईल. तोवर आम्ही तुला इथेच ठेवू. घाबरू नकोस, फिट येणार नाही याची काळजी घेऊ."

"ते नाही विचारत. डोकं?"

डॉक्टरांनी तिचा केसपेपर हातात घेतला.

"पूर्वीसारखंच होणार ना? किती दिवसांत?"

"चार दिवस. कदाचित आठवडा," डॉक्टर म्हणाले. "दुसरी गोळी शोधू आपण. पण वेळ लागेल."

मुलीने मान डोलावली. ती रडेल असं बाईंना वाटलं. पण ती इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागली.

"वही आहे का कोणाकडे? मी शिवणाच्या वर्गाला जात होते. टेपने माप घेऊन खडू उचलेपर्यंत ते डोक्यातून जायचं, म्हणून सोडून दिला. गेल्या महिन्यात परत गेले, तर सगळं डोक्यात राहायला लागलं. अख्खा कोट बेतता येतो मला आता. आई, तुला सांगितलं नव्हतं. शिवूनच दाखवणार होते."

आईने शर्टाच्या खिशातून पेन काढलं, पण लिहायला तिच्याकडे तिकिटांचाच गठ्ठा होता. बाईंनी पिशवीतून वही काढली, पेन तिच्या हातून घेतलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या.

"आधी पाठ. पूर्ण उंची अधिक दीड इंच. खांदा निम्मा करायचा, त्यात पाव इंच." मुलगी डोळे मिटून बोलत होती, बोटाने चादरीवर रेघा ओढत. मग एकदम थांबली. "भरभर होतंय का?"

"नाही, नाही," आई म्हणाली. "तू थांबू नकोस. बाई लिहितायत."